हरित जीवनशैली आणि उपभोगसंस्कृती : एक अंतर्विरोध

‘पर्यावरणस्नेही’ हे विशेषण आज साबणापासून सदनिकेपर्यंत सर्वत्र लावले जाते. हरित जीवनशैलीचा मूळ आशय गरजा मर्यादित ठेवण्याचा आहे. उपभोगसंस्कृती मात्र गरजांच्या अखंड वाढीवर उभी आहे. या दोहोंची सांगड घातली असता कोणता अंतर्विरोध निर्माण होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या संदर्भात ‘पॅटागोनिया’ या अमेरिकन वस्त्रकंपनीची जाहिरात लक्षणीय ठरते. नोव्हेंबर २०११ मध्ये, ऐन खरेदीच्या हंगामात, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून कंपनीने आपलेच जॅकेट विकत न घेण्याचे आवाहन केले. एका जॅकेटसाठी १३५ लिटर पाणी खर्च होते, ही कबुलीही त्यात होती. त्यानंतरच्या काळात कंपनीची विक्री घटली नाही, उलट वाढली. ही वाढ केवळ जाहिरातीमुळे झाली असे म्हणता येत नाही, किंवा कंपनीच्या हेतूवर शंका घेण्याचेही कारण नाही. तथापि, संयमाचा उपदेशसुद्धा बाजारात वस्तूचे आकर्षण वाढवू शकतो, हे त्यातून सूचित होते.

हाच प्रश्न महाराष्ट्रात वेगळ्या रूपात दिसतो. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशवी पर्यावरणप्रेमाची खूण बनली. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, केवळ हवामानबदलाचा निकष लावला तरी नवी सुती पिशवी किमान ५२ वेळा, तर सेंद्रिय कापसाची १४९ वेळा वापरावी लागते. तेव्हाच ती प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीस येते. तुंबलेली गटारे व प्लॅस्टिक गिळणारी जनावरे यांचा हिशेब त्यात नाही. त्यामुळे बंदीचे औचित्य बाधित होत नाही. परंतु प्रत्येक समारंभात नवी कापडी पिशवी भेट मिळत असेल, तर एका कचऱ्याची जागा दुसरा कचरा घेतो.

जुन्या लुगड्याची गोधडी किंवा जुन्या पँटची पिशवी शिवणाऱ्या घरांत हा हिशेब वेगळाच असतो. तेथे नवे काही निर्माणच होत नाही. मात्र ती पिशवी विकली जात नाही, म्हणून तिची जाहिरात होत नाही. आणि जाहिरात नाही, म्हणून ती शिवणारी स्त्री ‘हरित’ ठरत नाही. तिची काटकसर दारिद्र्याचे लक्षण मानली जाते. तीच काटकसर दुकानातून विकत घेतली की जीवनमूल्य ठरते. हरित उपभोगाचा खरा अन्याय येथे आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. ती स्वागतार्हच आहेत. तथापि, दावा खरा आहे की खोटा एवढेच कायदा तपासू शकतो. वस्तू मुळात आवश्यक होती का, हे तो विचारत नाही. हरित जीवनशैलीची चिकित्सा मात्र याच प्रश्नापासून सुरू व्हावयास हवी.