चौरस फुटाच्या दराने रंगलेली भिंत

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या नगरपालिकांचा सध्याचा लाडका शब्द म्हणजे सुशोभीकरण. निविदा निघते, चौरस फुटाचा दर ठरतो, आणि स्वच्छ सर्वेक्षणाचे पथक दारात येण्याआधी संरक्षक भिंतींवर गेरूचा रंग चढून पांढऱ्या वारली आकृत्या फेर धरू लागतात. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नाचा चौक सवाष्णी तांदळाच्या पिठाने लिहितात. त्यात पालघट देवी बसते, आणि चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी ती रेषा झोपडीच्या भिंतीवरून कागदावर आणली, तेव्हा तिच्यातला जीवही सोबत आणला. शौचालयाच्या भिंतीवर साच्याने उमटवलेल्या तारपावाल्यात तो जीव उरलेला नाही. वारल्यांशी काडीचा संबंध नसलेल्या गावांतही तोच तारपावाला उभा आहे, आणि याला लोककलेचा सन्मान म्हटले जाते. हा त्या कलेचा उघड अपमान आहे.

छोट्या शहराची भिंत कशी बोलते हे पाहायचे असेल, तर पणजीला जावे.

2011 च्या जनगणनेत पणजीची वस्ती जेमतेम चाळीस हजार होती. एवढ्याशा शहराची दृश्यस्मृती मात्र थक्क करणारी आहे. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांच्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजु फरशांवर पोर्तुगीज कवी कामोइशच्या महाकाव्यातले प्रसंग उलगडतात. पोर्तोच्या साओ बेंतो स्थानकाच्या भिंती ज्याने फरशांनी मढवल्या, तोच हा चित्रकार. काम देखणे, पण ते राज्यकर्त्यांचे स्वतःविषयीचे महाकाव्य होते. त्याला उत्तर 1945 मध्येच मिळाले. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला संमोहनतज्ज्ञ आबे फारियाचा पुतळा आदिलशहाच्या राजवाड्याशेजारी उभा राहिला: हात पसरलेला, समोरची स्त्री मोहनिद्रेत कोसळताना. कांदोळीत जन्मून पॅरिसमध्ये वारलेला एक गोमंतकीय पोर्तुगीज राजवटीतच पणजीच्या रस्त्यावर आला. पुढे चार्ल्स कोरियांच्या कला अकादमीत मारिओ मिरांडांनी नाट्यगृहाच्या बाजूच्या भिंतींवर जुन्या थिएटरचे सज्जे रंगवले आणि त्यांत गोव्याचे प्रेक्षक बसवले. प्रयोग पाहायला आलेल्या माणसाकडे भिंतीवरची माणसे पाहतात. चित्राने जागेशी कसे बोलावे, याचा इतका नेमका धडा मराठी मुलुखात दुसरा नसेल.

या परंपरेत 2019 साली मोलाची भर पडली. सेरेंडिपिटी कला महोत्सवासाठी चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांचा नातू सॉलोमन सूझा पणजीत आला. जेरुसलेमच्या माहाने येहुदा बाजारात दुकानांच्या बंद शटरांवर स्प्रेने शंभराहून अधिक चेहरे रंगवून त्याने नाव कमावले होते. विवेक मिनेझिस यांच्या संकल्पनेतून त्याने पणजीच्या रस्त्यांवर गोव्याचीच माणसे रंगवली. ख्रिस पेरींच्या बँडमध्ये गाऊन घराघरांत पोचलेली, मग दोन दशकांहून अधिक काळ गप्प राहिलेली आणि 1995 मध्ये पुन्हा मंचावर उभी राहिलेली लॉर्ना भिंतीवर आली. पोंबुर्पा, लिस्बन आणि मोझांबिक अशा तीन खंडांत आयुष्य विखुरलेले, गावी परतल्यावरही वर्षानुवर्षे उपेक्षेत राहिलेले चित्रकार वामन नावेलकर भिंतीवर आले. नावेलकर 2021 मध्ये गेले. जिवंतपणी आपल्या राजधानीच्या भिंतीवर स्वतःचा चेहरा पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले, ही त्या महोत्सवाची सर्वांत मोठी कमाई होय.

या चित्रांचे बळ त्यांच्या घाईत आहे. स्प्रेचा फटकारा खोडता येत नाही. त्यामुळे डोळ्यांभोवतीची सावली एका दमात पडते आणि रंगाचे ओघळ तसेच राहतात. आजोबांच्या रेषेतला राग नातवाकडे नाही, पण चेहऱ्यावर झेप घेण्याची धिटाई आहे. शिवाय प्रत्येक चित्र एक प्रश्न विचारते: हा कोण? ज्याला उत्तर ठाऊक नाही तो शेजारच्या दुकानदाराला विचारतो, आणि शहराचा इतिहास रस्त्यावरच सांगितला जातो.

बाकीच्या भित्तिचित्रांविषयी थोडक्यात. मुंबईच्या तुळशी पाइप रोडवरचा 2009 चा उपक्रम उत्साहाचा होता, चित्रांचा कमी. ससून डॉक आणि माहीमच्या भिंती मोठ्या आहेत. त्यांतल्या अनेक जगातल्या कोणत्याही बंदरात खपल्या असत्या. वांद्र्याच्या टेलिफोन इमारतीवरचे रणजित दहियांचे दादासाहेब फाळके मात्र खरे, कारण त्यांचा सिनेमा त्याच शहरात सुरू झाला. पाठीला पंख लावून फोटो काढण्याच्या भिंतींविषयी काहीच लिहिण्यासारखे नाही.

पण सॉलोमनच्या चित्रांनाही पणजीच्या पावसापुढे मान तुकवावी लागते. वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या शहरात जांभ्याचा चिरा पाणी पितो आणि उन्हात ते बाहेर टाकतो. वर प्लास्टिक रंगाचा थर असला, की ओल आत कोंडते, फुगे येतात, पापुद्रे सुटतात. जुन्या गवंड्यांना हे माहीत होते. म्हणून गोव्यात, कोकणात, कारवारपर्यंत देवळांवर काव आली. चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा पातळ थर द्यायचा, तो ओला असतानाच टोकदार सळीने खरवडायचा, खालचा पांढरा चुना उघडा पाडायचा आणि पृष्ठभाग गोट्याने घोटायचा. रंग इथे भिंतीवर बसत नाही, भिंतीतच मुरतो. अशी नक्षी पिढ्यान्‌पिढ्या पाऊस झेलत उभी राहिली. ती नाहीशी झाली ती बहुतेक ठिकाणी पावसाने नव्हे, जीर्णोद्धाराच्या नावाखाली लावलेल्या फरशांनी आणि तैलरंगांनी.

मग पालिकांच्या निविदेत काव का नाही? चुना मळणारा गवंडी का नाही? कंत्राटात रंगाचा ब्रँड लिहिलेला असतो, चौरस फूट मोजलेले असतात, पण पाच वर्षांनी चित्राची डागडुजी कोण करणार याची एक ओळ नसते. चित्रकाराचे नाव कोपऱ्यातही दिसत नाही आणि घोषणा मात्र हातभर मोठी असते. भिंत ज्यांच्या दारासमोर आहे, त्यांना कोणी विचारतही नाही. पणजीतल्याच फोंताईन्हासची रहिवासी मंडळी हे दुखणे रोज भोगतात. पाऊस सरला की घर रंगवायचे आणि निखळ पांढरा रंग चर्चसाठी राखायचा, या जुन्या रिवाजातून ती गल्ली रंगीत झाली. कोणी तिचे सुशोभीकरण केले नव्हते. आज त्याच रंगांपुढे दिवसभर कॅमेरे लागतात आणि घरमालकांना फोटो काढू नका असे फलक दारावर टांगावे लागतात. जिवंत वस्तीचा देखावा झाला की काय होते, ते तिथे डोळ्यांसमोर आहे, तरीही प्रत्येक नगरपरिषद आपल्या गावात तसाच देखावा उभारायला निघाली आहे.

हे थांबवायला हवे, आणि ते एका ठरावाने थांबू शकते. चौरस फुटाचा दर रद्द करावा. वर्षाला दहा हजार फुटांऐवजी एकच भिंत घ्यावी. ती रहिवाशांनी निवडावी. चित्रकाराला त्याच्या नावासह मानधन द्यावे. तितकीच रक्कम पुढच्या देखभालीसाठी बाजूला ठेवावी. आल्तिनोच्या कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना देवळांवर काव करणाऱ्या कारागिरांच्या हाताखाली एक पावसाळा बसवावे, आणि पणजीच्या पुढच्या भिंतीवरचा पहिला चेहरा त्यांनी ओल्या चुन्यात खरवडावा.