‘देखणें’ : आदेश आणि उत्पत्ति

संस्कृत धातु लिहावा, त्यापुढें मराठी रूप मांडावें आणि व्युत्पत्ति झाली असें समजावें, अशी रीत आपल्याकडे पडली आहे. ती किती अपुरी आहे हें ‘देखणें’ या एका क्रियापदावरून दिसून येतें.

बाराव्या शतकांत हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत ‘दृश्’ धातूस ‘देक्ख’ हा आदेश सांगितला. हें व्याकरण डॉ. प. ल. वैद्य यांनीं १९२८ सालीं पुण्यास प्रसिद्ध केलें. त्याच धातूच्या प्रयोजकास हेमचंद्र ‘दाव’ व ‘दक्खव’ असेही आदेश देतो. आपलें ‘दावणें’ आणि ‘दाखविणें’ तेथें भेटतात, याचा आनंद कोणाही मराठी वाचकास होईल. परंतु आदेश म्हणजे उत्पत्ति नव्हे. या अर्थीं प्राकृतांत कोणतें रूप चालतें इतकेंच तो सांगतो. तें कसें झालें हें सांगत नाहीं. ‘दृश्यते’, ‘दीसइ’, ‘दिसणें’ ही वाट सरळ आहे. ‘देक्ख’मधील ‘क्ख’ मात्र नुसत्या ‘दृश्’मधून निघत नाहीं.

चाइल्डर्सनें पालीचें ‘दक्खति’ हें ‘द्रक्ष्यति’ या भविष्यकाळापासून आलें असें मानलें. पिशेल ‘सदृक्ष’, ‘ईदृक्ष’ यांतील ‘दृक्ष’कडे वळतो. त्याच्या मतानें ‘ऋ’चा ‘इ’ आणि जोडाक्षरापूर्वीं ‘ए’ (पिण्ड, पेण्ड) असा मार्ग मिळतो. पण ‘दृक्षति’ हें क्रियापद कल्पावें लागतें. चाइल्डर्सच्या मतानें ‘ए’ अडतो. परंतु ‘प्रेक्षते’पासूनचें ‘पेक्खइ’ समानार्थी व शेजारचें, त्याच्या संगतीनें स्वर बदलला असें म्हणतां येतें. आम्हांस हेंच अधिक ग्राह्य वाटतें, कारण येथें दोन्ही रूपें प्रत्यक्ष आढळणारीं आहेत. तरी हा निर्णय संभाव्य आहे, सिद्ध नव्हे.

अशोकाच्या स्तंभलेखांत ‘देखति’ आढळतें. म्हणजे हेमचंद्राच्या आधीं सुमारें चौदाशें वर्षें हा शब्द घडून गेला होता. इतक्या उशिराच्या साक्षीस जन्मदाखला मानणें युक्त नाहीं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. प्राकृत वारशाचा अभिमान आतां सर्वत्र ऐकूं येतो, आणि तो रास्तही आहे. पण वारसा सांगणाऱ्यानें कागदपत्रें तपासावीं लागतात. आमच्या कोशकारांनीं प्रत्येक व्युत्पत्तीपुढें ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ किंवा ‘अज्ञात’ असें स्पष्ट लिहावें. ‘अज्ञात’ लिहिण्यांत भाषेस कमीपणा नाहीं. न तपासतां ‘सिद्ध’ समजण्यांत मात्र अभ्यासकास आहे.