‘साखर कमी झाली’ : मधुमेहविषयक मराठी सूचनांतील एक अर्थदोष

मधुमेहावरील मराठी लेखन वैद्यकीय अचूकतेच्या कसोटीवर तपासले जाते. त्याच्या भाषेची चिकित्सा क्वचितच होते. वस्तुतः औषधाबरोबर रुग्णाच्या हाती पडणारी सूचना ही त्या औषधाचाच भाग होय.

चरक-सुश्रुतांनी प्रमेहाच्या वीस प्रकारांत मधुमेहाची गणना केली. हे नाव माधुर्याच्या आधिक्यावरून पडलेले आहे. साहजिकच ‘वाढ’ आणि ‘पथ्य’ याच कल्पनांभोवती हे लेखन फिरत राहते, आणि ‘साखर कमी झाली’ हे वाक्य शुभवर्तमान ठरते. १९२२ साली रुग्णास प्रथम इन्शुलिन दिले गेले, तेव्हापासून मात्र या वाक्यास दुसरा, भयसूचक अर्थ प्राप्त झाला : रक्तशर्करा दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमखाली उतरणे, घाम, कंप, भ्रम, आणि अखेर बेशुद्धी. ‘रक्तशर्करान्यूनता’ हा शब्द घडविता येतो. घाबरलेल्या घरात तो उच्चारला जात नाही. उलट ‘शुगर लो झाली’ म्हणणाऱ्या बोलीने हा भेद अचूक टिपला आहे.

‘शुगरची गोळी’ या नावातही असाच दोष आहे. केवळ मेटफॉर्मिनने साखर धोकादायक उतरणे विरळा. ग्लिमेपिराइड वा ग्लायबेनक्लामाइड घेऊन उपाशी राहिल्यास ते सहज घडते. एकच नाव हा फरक झाकते.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न केवळ शाब्दिक राहत नाही. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून ऊसतोडीस जाणाऱ्या मजुराची जेवणवेळ गाडी भरण्यावर ठरते. ‘जेवणापूर्वी अर्धा तास’ ही सूचना ठरल्या वेळेचे घर गृहीत धरते. जेवणाची खात्री नसता जेवणापूर्वीचे इन्शुलिन टोचू नये, दीर्घकाल टिकणारे मात्र आपल्या मनाने बंद करू नये, हे तीत स्पष्ट हवे. मात्रेचेही तसेच. मिलिलिटरला ४० एकके असलेल्या इन्शुलिनची सिरिंज १०० एककांच्या इन्शुलिनसाठी वापरल्यास मात्रा अडीचपट होते. अशा ठिकाणी नुसते ‘दहा एकके’ लिहिणे अपुरे होय.

अशा तपशिलाने रुग्ण भिऊन इन्शुलिनच सोडील, असा आक्षेप संभवतो. परंतु भय उपायाच्या अभावी वाढते, आणि येथे उपाय घरातच आहे : शुद्धीवर असलेल्यास १५ ग्रॅम, म्हणजे सुमारे तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे; बेशुद्धाच्या तोंडात काही न घालता त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. वर्षानुवर्षे साखर वर्ज्य मानलेल्या घरास ही अनुज्ञा निःसंदिग्ध शब्दांत मिळाली पाहिजे. पथ्याइतकेच ठळक स्थान तिला मिळेल, तेव्हाच हे लेखन पूर्ण मानता येईल.