कचरा कप्तान का होत नाही?

‘लगान’मधला कचरा किती वेळा तोंड उघडतो, एवढंच मोजायचं ठरवून मी परवा मोबाइलवर तो सिनेमा परत पाहिला. बोटं फारशी लागली नाहीत. चेंडू त्याच्याकडे जातो, तो अधू हातानं परत फेकतो आणि चेंडू गर्रकन वळतो. भुवन चकित. गाव विटाळावर अडून बसतं. मग भुवन रामानं खाल्लेल्या शबरीच्या बोरांची आठवण देतो आणि गाव नमतं. टाळ्या भुवनला मिळतात.

सिनेमातली गोष्ट १८९३ ची. त्याच वर्षांत पुण्याच्या युरोपियन क्लबात पालवणकर बाळू नावाचा चांभार समाजातला एक तरुण खेळपट्टीवर रोलर फिरवत होता, नेट बांधत होता आणि साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकत होता. बॅट मात्र क्वचितच हातात मिळे. जे. जी. ग्रेगसारखा नावाजलेला फलंदाज त्यांच्यासमोर सराव करी. बाळूंची डावखुरी फिरकी अशी हजारो चेंडूंतून घडली.

कचरा म्हणजे बाळूच, असा सिनेमाचा दावा नाही. पण दोघांना शेजारी ठेवलं की माझी तक्रार कळेल. बाळूंनी जे राबून कमावलं, ते कचऱ्याला अपघातानं मिळतं. आणि एकदा दार उघडलं की त्याची गोष्ट संपते.

बाळूंची तिथून सुरू झाली. पुण्याच्या हिंदू संघानं त्यांना घेतलं, कारण जिंकायचं होतं. मैदानावर सगळ्यांच्या हातात एकच चेंडू. चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा घेताना. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात ते होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदूंचं कप्तानपद त्यांना कधी दिलं गेलं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. विटाळ सोडून संघात घेणं गावाला जमतं. त्याचा हुकूम ऐकणं जड जातं.

अमेरिकेतही हेच दिसतं. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरले आणि मेजर लीग बेसबॉलमधली काळ्यांवरची बंदी मोडली. ‘४२’ हा २०१३ चा सिनेमा त्याच हंगामात संपतो. त्यातही संघमालक ब्रँच रिकी भुवनसारखाच जागा व्यापतो. रॉबिन्सन मात्र पुढे पंचवीस वर्षं जगले. ऑक्टोबर १९७२ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या मैदानावर त्यांचा सत्कार झाला, तेव्हा मैदानावर एखादा काळा मॅनेजर दिसावा, असं ते सर्वांसमोर म्हणाले. नऊ दिवसांनी ते गेले. मेजर लीगमधला पहिला काळा मॅनेजर १९७५ मध्ये आला.

आमच्या जुन्या शहरात, असदगडाजवळ टेनिस बॉलवर खेळणाऱ्या पोरांना मी बाळूंचा फोटो दाखवला. एक म्हणाला, “हा तं लगानमधला कचरा होय ना बे?” त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आम्हा अकोलेकरांसाठी तर बाळू अजूनच अवघड आहेत. इथं घराघरांत बाबासाहेबांचा फोटो आहे, आणि बाळू १९३७ मध्ये मुंबईत काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्धच उभे राहिले आणि हरले. एकाला ते फितूर वाटतील, दुसऱ्याला गरीब बिचारा गुणी खेळाडू. दोन्ही सोयीचं आहे. स्वतःचं राजकीय मत असलेला, ते चुकीचं वाटलं तरी त्याचंच असलेला माणूस पडद्यावर मावायला हवा.

बाळूंवर हिंदी सिनेमा येणार, अशा बातम्या आल्यात. माझी कसोटी साधी आहे: तो १९०६ च्या विजयावर संपतो की १९३७ च्या पराभवापर्यंत जातो? तोवर विठ्ठल यांचं १९४८ चं ‘माझे क्रीडा-जीवन’ शोधून वाचा. या घराची गोष्ट या घरातल्याच माणसानं आणि आपल्याच भाषेत सांगून ठेवली आहे. तिला भुवनची गरज पडलेली नाही.