पाठीवरचं चाक

मागचं दार उघडायला आपण सवयीने नंबरप्लेटच्या वरच्या खाचेत बोटं घालतो आणि तिथे हाताला काहीच लागत नाही. साताऱ्यातल्या एका गल्लीत, २०१८ सालच्या निळ्या फोर्ड इकोस्पोर्टच्या मागे उभा राहून मी असाच चाचपडत होतो, तेव्हा गाडीचे मालक, निवृत्त मुख्याध्यापक, पायरीवरूनच म्हणाले, “उजव्या दिव्यात बघा.” खरोखरच, उजव्या दिव्याच्या कडेत, त्याचाच अवयव असल्यासारखी, दाराची मूठ लपली होती. ती ओढली आणि पाठीवर पूर्ण आकाराचं चाक वागवणारं ते दार वाड्याच्या दिंडीसारखं आडवं, डावीकडे उघडलं. दिव्यात मूठ दडवणाऱ्या त्या अनाम कारागिराचं मला फार कौतुक वाटलं. गाडीचा मागचा चेहरा निर्मळ राहावा, त्यावर एकही उपरा ठिपका नसावा, एवढ्यासाठी कुणीतरी किती रात्री कागदावर रेघा ओढल्या असतील!

पण जरा थांबू या आणि त्या दाराची दिशा पुन्हा पाहू. बिजागऱ्या डावीकडे आहेत. आपण रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी लावतो, पदपथावरून सामान आणतो, आणि उघडलेलं दार नेमकं आपल्या आणि डिकीच्या मध्ये येतं. मग रस्त्याच्या बाजूने वळसा घालून पिशव्या ठेवायच्या. ही गैरसोय आहेच, पण तिच्यात गाडीचं माहेर ऐकू येतं. पहिली इकोस्पोर्ट २००३ साली ब्राझीलमध्ये अवतरली, आणि जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये जिच्यावरचा पडदा दूर झाला ती दुसरी पिढीही ब्राझीलच्याच चमूने रेखाटलेली. तिथे वाहतूक उजवीकडून चालते, पदपथ उजवीकडे असतो, आणि हे दार तिथे माणसाला वाट करून देतं. सासरी इतकी वर्षं नांदलेल्या बाईच्या बोलण्यात एखादा माहेरचा हेल राहून जावा, तसं हे दार आहे. घेणाऱ्याने ते दहा वेळा उघडून-मिटून पाहावं, कारण चाकाचं सगळं ओझं बिजागऱ्यांवर असतं. मिटताना दार किंचितही उचलून धरावं लागत असेल तर ते उतरलेलं आहे असं समजावं.

जून २०१३ मध्ये ही गाडी भारतात विक्रीला आली तेव्हा तिला एक कडक वृत्त पाळायचं होतं. आपल्याकडे लांबी चार मीटरच्या आत असेल, पेट्रोल इंजिन बाराशे आणि डिझेल इंजिन पंधराशे सीसीच्या आत असेल, तर गाडीवर कर कमी लागतो. वृत्तबद्ध कवितेची गोडी ज्यांना ठाऊक आहे त्यांनी या गाडीचे आकडे एकदा सावकाश वाचावेत: लांबी चार मीटरला एकदोन मिलिमीटर कमी, छोटं पेट्रोल इंजिन एक हजार सीसीच्या आतलं, डिझेल १,४९८ सीसीचं. मात्रा मोजून, एकही जास्त न होऊ देता, आणि तरीही जमिनीपासून २०० मिलिमीटरची उंची राखून, उभं कपाळ आणि रुंद खांदे सांभाळून, हा आकार सिद्ध झाला आहे. कराच्या चौकटीत बसवलेल्या कितीतरी गाड्या मागून कुऱ्हाडीने तोडल्यासारख्या दिसतात. ही मात्र याच मापात जन्मल्यासारखी वाटते. (आपली पार्किंगची जागा आखूड असेल तर कागदावरच्या लांबीवर विसंबू नका, पाठीवरच्या चाकासकट टेपने मोजा.)

आणि ही आता बंद झालेली गाडी आहे. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीने नव्वदीच्या दशकात महिंद्राशी हात मिळवून आपली एस्कॉर्ट नाशिकच्या कारखान्यात जुळवली होती, तिचा इथला अध्याय मिटला. चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरच्या कारखान्यातून परदेशी जाणाऱ्या इकोस्पोर्ट मात्र २०२२ पर्यंत बाहेर पडत राहिल्या. बंद गाडी म्हटलं की लोक दचकतात. मला मात्र तिच्यात एक वेगळं समाधान दिसतं. लेखकाचं समग्र वाङ्मय हाती आल्यावर जसं शांतपणे वाचता येतं, तसं आता हिचं वाचन शक्य आहे. पुढच्या वर्षी नवा चेहरा येणार नाही, जाहिरात कानाशी गुणगुणणार नाही, आणि आठ-दहा वर्षांत हिच्यात काय टिकलं, काय झिजलं हे प्रत्येक गावच्या मेकॅनिकला तोंडपाठ आहे. शिवाय जुन्या गाडीला दोन कर्ते असतात. एक कारखान्यातला अभियंता, दुसरा पहिला मालक. पहिल्याची लिपी सगळ्या इकोस्पोर्टमध्ये एकच. दुसऱ्याची प्रत्येक गाडीत निराळी, आणि आपल्याला वाचायची असते ती मुख्यतः दुसऱ्याची.

आधी पहिल्याची लिपी. हिच्या पोटात वेळोवेळी निरनिराळी इंजिनं बसली. रसिकांच्या ओठांवर पहिलं नाव येतं ते एक लिटरच्या इकोबूस्टचं: तीन सिलिंडर, टर्बो, १२५ पीएस, आणि ज्याचा ठोकळा ए-फोर कागदावर मावतो असं अभिमानाने सांगितलं जाई, ते चिमुकलं इंजिन. २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षं ते जगातलं उत्कृष्ट इंजिन ठरलं. त्याची ओढ मला समजते. दोन हजार फेऱ्यांच्या पुढे ते ज्या आतुरतेने गाडीला उचलतं ती विसरता येत नाही. पण त्याचा टायमिंग बेल्ट इंजिनच्या तेलात भिजत फिरतो. तेल चुकीच्या प्रतीचं पडलं किंवा बदलायला उशीर झाला, तर पट्ट्याचे कण सुटून तेलाची वाट अडवू शकतात. अमेरिकेत याच कुळातल्या इंजिनच्या ऑइल पंपाच्या पट्ट्यासाठी फोर्डने गाड्या परत बोलावल्या होत्या. तेव्हा इकोबूस्ट घ्यायची तर तेलबदलाच्या प्रत्येक पावतीसह घ्यावी. पावत्या नसतील तर कौतुक करून परत यावं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या चेहऱ्याबरोबर आलेलं दीड लिटरचं ड्रॅगन पेट्रोल, १२३ पीएसचं, शहरात राहणाऱ्यासाठी सुस्वभावी आहे, आणि त्याच्यासोबत मिळणारा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक निश्चिंत मनाने घ्यावा. पट्टा याचाही तेलातलाच, म्हणून पावत्यांचा नियम इथेही सोडू नये. त्याआधीचा ड्युअल क्लचचा ऑटोमॅटिक मात्र गर्दीत रांगताना थरथरत असेल, तर स्वस्त मिळतोय म्हणून त्याच्या मोहात पडू नये.

उरलं डिझेल, आणि साताऱ्याची गाडी डिझेल होती. १०० पीएस, २०५ न्यूटन-मीटर, पाच गिअर. हे इंजिन फिगो, अस्पायर आणि फ्रीस्टाइल या भावंडांतही होतं, म्हणून त्याचे सुटे भाग मिळतात आणि त्याला हात लावायला मेकॅनिक बिचकत नाहीत. मुख्याध्यापकांनी किल्ली दिली, मी बॉनेटवर तळवा ठेवला. थंड. समाधान वाटलं, कारण गाडीचं खरं मनोगत रात्रभर विसावलेल्या इंजिनच्या पहिल्या दहा सेकंदांत कळतं. आधी गरम करून ठेवलेली गाडी म्हणजे रियाज लपवून फक्त मैफल ऐकवणारा गवई. किल्ली फिरली, एक छोटी धाप, मग डिझेलची ती ओळखीची, जरा खरखरीत, पण लय न सोडणारी टकटक. काळा धूर नाही, निळा नाही. अर्ध्या मिनिटात आवाज मऊ झाला. एखाद्या घरात सकाळी पहिली हाक येते तिच्यातच घरातला सलोखा कळतो, तसं काहीसं.

आम्ही यवतेश्वरचा घाट चढलो. या गाडीतल्या सगळ्या गुणांत मला सर्वांत प्रिय गुण इथे भेटतो, आणि तो कोणत्याही माहितीपत्रकातल्या तक्त्यात मावत नाही. वळण येतं, आपण स्टिअरिंग किंचित कलवतो, आणि गाडी आपल्या मनातली रेषा आधीच वाचल्यासारखी त्या रेषेवर येते. उंच गाड्या वळणावर अंग टाकतात, बसणाऱ्याचा खांदा दाराला लागतो; ही मात्र कमरेतून बांधलेली, नऊवारीतल्या नर्तिकेसारखी तोल सांभाळत फिरते. विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग असूनही हाताला रस्त्याचं वजन कळत राहतं, वेग वाढेल तसं ते भारदस्त होत जातं. दुसऱ्या गिअरात, अठराशे फेऱ्यांच्या आसपास, टर्बो जागा होतो आणि चढ अचानक सपाट वाटू लागतो. त्याखाली मात्र इंजिन सुस्त असतं. गिअर बदलण्याचा आळस ते सहन करत नाही. उतरताना मी काच खाली करून खड्ड्यांवरून मुद्दाम हळू गेलो आणि कान दिला. डाव्या पुढच्या चाकाकडून एक बारीक टक्. लिंक रॉड असणार. हा खर्च किरकोळ. पण ऐकू आला हे महत्त्वाचं.

आत बसल्यावर दोन उणिवा लगेच कळतात. मागच्या आसनावर तिघं बसले तर खांद्याला खांदा घासतो, आणि पुढच्या काचेचे दोन्ही खांब इतके जाड आहेत की वळणावर एखादा सायकलवाला त्यांच्याआड दिसेनासा होतो. मान पुढे काढून बघायची सवय लावावीच लागते. याच्या बदल्यात जे मिळतं त्यातली एक गोष्ट मला हळवं करते. फोन ब्लूटूथने जोडलेला असेल आणि अपघातात एअरबॅग उघडली, तर सिंक प्रणाली असलेली ही गाडी स्वतःहून १०८ ला फोन लावते. आपला, भारतातला १०८. दूरदेशी आखलेल्या गाडीला कुणीतरी हा आकडा शिकवला. वरच्या श्रेणीत सहा एअरबॅग, आणि तेही अशा काळात जेव्हा या किमतीत दोन मिळणं हीच चैन होती.

पाण्याबद्दल जरा विस्ताराने बोललं पाहिजे. ५५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची हिची क्षमता कंपनीने सांगितली होती, आणि कोकणातल्या, कोल्हापूर-सांगलीतल्या माणसाला तो आकडा काळजाजवळचा वाटला तर नवल नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेने आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या वाशिष्ठीने उभ्या गाड्या छतापर्यंत बुडवल्या, आणि धुऊनपुसून त्यातल्या काही पुढे बाजारात आल्या नसतील असं कोण म्हणेल? म्हणून प्रत्येक सीटबेल्ट शेवटच्या इंचापर्यंत बाहेर ओढा. धुणारा माणूस आसनं धुतो, गालिचे बदलतो, अत्तर शिंपडतो, पण पट्ट्याच्या गुंडाळलेल्या टोकाशी राहिलेली गाळाची फिकट रेघ त्याला सहसा दिसत नाही. आसनाखालच्या लोखंडी रुळांवर बोट फिरवा. बोटाला गंज लागला तर गाडी कितीही चमकत असो, नमस्कार करून निघा.

आता पुन्हा पाठीवरच्या चाकाकडे येऊ, कारण दुसऱ्या कर्त्याचं हस्ताक्षर मला तिथे सापडलं. प्रत्येक टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मुख्याध्यापकांच्या गाडीच्या चारही टायरांवर २०२३ साल होतं, आणि आवरण काढल्यावर पाठीवरच्या टायरवर निघालं १४१८: २०१८ चा चौदावा आठवडा. गाडीची जन्मपत्रिकाच ती. ओडोमीटर ६२ हजार किलोमीटर सांगत होता. एवढ्या धावेत टायरांचा पहिला संच झिजून दुसरा बसणं अगदी स्वाभाविक. ओडोमीटर वीस हजार म्हणाला असता तर त्या टायरांनी त्याला खोटं पाडलं असतं. स्टेपनीवरचे रबराचे बारीक केसही शाबूत होते, म्हणजे ते चाक कधी रस्त्याला लागलंच नव्हतं. (तरीही ते बदलावं; न चालताही रबर म्हातारं होतं.) २०२१ च्या मार्चमध्ये आलेल्या एसई या श्रेणीत पाठीवरचं चाक काढून पंक्चरचं किट दिलं होतं. ती गाडी दिसते नेटकी, पण माझं मन या चाकापाशीच घुटमळतं.

कागदांबद्दल थोडक्यात. आरसीवर कर्जाची नोंद असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५. नाव बदलायला २९ आणि ३०. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेलवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात, त्यांची चौकशी दुप्पट करावी. फोर्डने सर्व्हिस आणि सुटे भाग सुरू ठेवण्याचं आश्वासन दिलं आहे. झिजणारे भाग सहज मिळतात, पण बंपर, दिवे, काचा यांना वाट पाहावी लागू शकते, म्हणून दिवा फुटलेली गाडी स्वस्त समजू नका. आणि आपल्या गावापासून तासाभरात फोर्डचं काम जाणणारा मेकॅनिक नसेल, तर हा विचार तिथेच सोडावा.

माझा कौल असा. २०१८-१९ ची, एका हाताची, पावत्या जपलेली, पाच गिअरची डिझेल इकोस्पोर्ट घाटात आणि महामार्गावर वावरणाऱ्या चौघांच्या घराने आजही आनंदाने घ्यावी. रोज चार किलोमीटर शहरातच फिरणं असेल तर ड्रॅगन पेट्रोल. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमधला काजळी अडवणारा डीपीएफ अशा छोट्या फेऱ्यांत गुदमरतो. साताऱ्याच्या गाडीला मी लिंक रॉडचे आणि एका टायरचे पैसे वजा करून भाव सांगितला, आणि तो मान्य झाला.

तुम्ही बघायला जाल तेव्हा सकाळी जा, आणि आदल्या रात्री मालकांना फोन करून एवढं नक्की सांगा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.