जुन्या विज्ञान-कॉमिक्सचा संग्रह : जतन की बंदिस्ती?

१९५०च्या दशकात अमेरिकेत दहा सेंटला मिळणारी विज्ञान व राक्षसकथांची कॉमिक्स आज संग्राहकांच्या दृष्टीने मौल्यवान ठरली आहेत. मात्र हे मूल्य नेमके कशाचे, याचा विचार क्वचितच होतो. ‘टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश’च्या तेराव्या अंकात (१९६०) ग्रूट हा पृथ्वीवर चालून आलेला राक्षस होता, २०१४च्या चित्रपटाने त्याला लाडका नायक केले आणि संग्राहकांचे लक्ष त्या अंकाकडे वळले. कथा मात्र सामान्यच आहे.

‘वीअर्ड फँटसी’च्या अठराव्या अंकातील (१९५३) ‘जजमेंट डे’ या कथेचे तसे नाही. नारिंगी व निळ्या यंत्रमानवांतील भेदभाव पाहून त्यांच्या ग्रहाला नकार देणारा अंतराळवीर शेवटी शिरस्त्राण काढतो, तेव्हा तो कृष्णवर्णीय असल्याचे कळते. १९५६ साली पुनर्मुद्रणाच्या वेळी कॉमिक्स कोडच्या परीक्षकांनी नेमक्या याच गोष्टीस आक्षेप घेतला; प्रकाशक गेन्स व संपादक फेल्डस्टीन यांनी बदल नाकारला.

या कथेचा आशयच रंगावर उभा आहे. रस कॉक्रन यांच्या ग्रंथमालेत आतील पाने कृष्णधवल होती, तर २००६पासूनच्या मालेत रंग संगणकावर नव्याने भरले गेले. म्हणजे मूळ रंगयोजना, स्वस्त कागद आणि जाहिराती पाहायच्या तर मूळ अंकच हवा. परंतु २०००पासून रूढ झालेल्या प्रतवारी-पद्धतीत तो अंक प्लॅस्टिकच्या पेटीत मोहोरबंद होतो. त्यावर दहापैकी गुण असतात, मुखपृष्ठही दिसते. मात्र पेटी फोडल्याखेरीज पान उलटता येत नाही आणि फोडली की ते गुण रद्द होतात.