‘समाजस्वास्थ्य’: शंका कोणाच्या, उत्तरें कोणाचीं

रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाची निंदा त्यांच्या हयातींत झाली आणि स्तुति मागाहून झाली. दोन्ही गोष्टी मासिक न उघडतां करतां येतात, आणि पुष्कळदा त्या तशाच झाल्या आहेत. निंदकांना मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीचित्र पुरेसें झालें. स्तुतिपाठकांना ‘द्रष्टा’ हा एक शब्द. आंतील गद्य कसें आहे, तें कोणाशीं बोलतें आणि कोणाशीं बोलत नाहीं, ह्या प्रश्नाचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हकीकत वाचकांस ठाऊकच असेल, म्हणून आंखडतीच सांगतों. १९२१ सालीं, मेरी स्टोप्स बाईंनीं लंडनमध्यें संततिनियमनाचें केंद्र उघडलें त्याच वर्षीं, कर्व्यांनीं मुंबईंत तसलें केंद्र काढिलें. १९२३ सालीं ‘संततिनियमन’ हें पुस्तक आलें. ह्या प्रचारापायीं विल्सन कॉलेजांतील गणिताच्या अध्यापकाची जागा गेली. जुलै १९२७ मध्यें मासिक सुरू झालें, आणि १९५३ सालीं त्यांचें निधन होईपर्यंत तें त्यांनीं पदरमोड करून चालविलें. ह्या पदरमोडींत पत्नी मालतीबाई ह्यांचाही वांटा होता. त्यांचा उल्लेख मात्र बहुधा ओझरता होतो.

कर्व्यांचें गद्य गणित्याचें आहे. आधीं व्याख्या, मग अनुमान, मग प्रतिपक्षाच्या अनुमानांतील चूक. अलंकार नाहींत, सुभाषितें नाहींत, ‘अहो वाचक’ अशी आर्जवी हांक नाहीं. शरीराच्या ज्या अवयवांविषयीं मराठी सुशिक्षित मनुष्य एक तर संस्कृतांत बोलत असे, नाहीं तर शिवींत, त्यांच्याविषयीं तीं पानें रसायनाच्या पुस्तकासारखीं निर्विकार बोलतात. आमच्या मतें हीच त्यांची मोठी वाङ्मयीन कामगिरी होय. मूल हवें कीं नको हें ज्या स्त्रीला तें वाहावयाचें आहे तिनें ठरवावें, हा विचार त्यांनीं मराठींत न अडखळतां मांडतां येईल असा करून ठेविला.

मासिकांत सर्वांत जिवंत भाग शंका व उत्तरें हा. त्यावरूनच १९३४ सालीं खटला झाला, डॉ. आंबेडकर कर्व्यांतर्फे उभे राहिले, आणि तरीही दोनशें रुपये दंड झालाच. पुढें १० नोव्हेंबर १९३८ रोजीं मुंबईच्या विधिमंडळांत आंबेडकरांच्या पक्षाचे रोहम ह्यांनीं संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. वाचकाच्या खासगी शंकेपासून विधिमंडळापर्यंत प्रश्न पोंचला, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु शंका पाठविण्यास अक्षरओळख लागते, टपालखर्च लागतो, आणि आलेलें उत्तर घरांतल्यांच्या नजरेआड वाचावयास एकांत लागतो. कयाधूच्या कांठचें हिंगोली त्या काळीं निजामाच्या राज्यांत परभणी जिल्ह्याखालीं होतें. तेथल्या कुणबिणीला किंवा मजूरणीला ह्या तिन्हींतलें काय होतें? कर्वे तिच्या बाजूनें युक्तिवाद करितात, पण तिला कांहीं विचारीत नाहींत. युक्तिवाद जिंकला कीं काम झालें, असा त्यांचा भोळा विश्वास होता. इतक्या तिखट माणसाला हा भोळेपणा शोभून दिसतो, पण तो उणेपणाच आहे.

त्याचें फळ पुढें दिसलें. १९५२ पासून सरकारनें ‘कुटुंबनियोजन’ हातीं घेतलें. शब्द बदलला तसा कर्ताही बदलला. नियमन बाईनें करावयाचें होतें, नियोजन तिच्याविषयीं इतरांनीं करूं लागावें असें झालें. १९७६ सालीं तर महाराष्ट्राच्या विधिमंडळानें सक्तीच्या नसबंदीचें विधेयक मंजूर केलें. राष्ट्रपतींची संमति मिळाली नाहीं म्हणून तें अमलांत आलें नाहीं, एवढेंच. हक्काचा युक्तिवाद कोणा बाईच्या तोंडीं रुजला नव्हता, म्हणून तो सक्तीच्या कामीं लावणें इतकें सोपें गेलें असें आम्हांस वाटतें.

बाईला विचारण्याचें काम डॉ. राणी व डॉ. अभय बंग ह्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांत केलें. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची त्यांची पाहणी १९८९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आली: शंभरांत ९२ जणींना स्त्रीरोग, आणि पूर्वीं तपासणी झालेल्या शंभरांत अवघ्या आठ. प्रश्न मुलें किती हा नव्हता, दुखतें कोठें हा होता. आमच्या मतें कर्व्यांच्या शंका-सदराचा खरा उत्तराधिकारी हाच.

आणि आज? हिंगोली १९९९ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास तेथूनही बिऱ्हाडें ऊसतोडीस निघतात. मुकादमाच्या वहींत नवराबायको मिळून ‘एक कोयता’. दोन माणसांचें एक हत्यार करणारा हा शब्द कोणा कवीला सुचला नसता. पाळींत किंवा दुखण्यांत काम चुकलें कीं ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे उचलींतून कापले जातात. मग ‘पिशवी’ काढून टाकलेली बरी, असा सल्ला मिळतो. बीड जिल्ह्यांत २०१९ सालीं शासकीय समितीच्या पाहणींत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांच्या कार्यकर्त्यांनीं पालापालांवर बसून जें ऐकलें व वेशीबाहेर आणिलें, तें कर्व्यांच्या भाषेंत नाहीं. तेथें ‘गर्भाशय’ नाहीं, पिशवी आहे. ‘श्वेतप्रदर’ नाहीं, अंगावरून जाणें आहे. त्या भाषेचा कोश कोणी करील तर त्याचें परीक्षण आम्ही आनंदानें छापूं.

तोंवर ‘समाजस्वास्थ्या’चे जुने अंक ज्यांच्या हातीं येतील त्यांनीं संपादकीय लेख मागें ठेवून शंकांचीं पानें आधीं वाचावींत, आणि वाचतांना प्रश्न विचारणारांत बाया किती ह्याची एकदां मोजदाद करावी.